शैलाताईंचा डावा हात

शैलाताई कुलथे रागावल्या की मराठीत रागवायच्या. समोर कोण आहे याचा त्यात काही संबंध नसे. एरवी त्यांचं इंग्रजी चोख होतं, तीस वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये काढल्यामुळे त्याला इथला हेलही आला होता. पण पारा चढला की "अरे, काय चाललंय काय तुमचं?" हे वाक्य सहा फुटी गोऱ्या रजिस्ट्रार डॉक्टरच्या तोंडावर जाऊन आदळायचं. आणि त्याला ते बरोबर कळायचं.

मलाही त्या पहिल्यांदा अशाच भेटल्या. मी पुण्याहून इकडे येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. कॉव्हेंट्रीपासून अर्ध्या तासावरच्या एका हॉस्पिटलात (नाव मुद्दामच सांगत नाही) मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये होते. एक दिवस एका नळीतल्या पेशी फुटलेल्या निघाल्या. रक्त घाईघाईनं ओढून काढलं की असं होतं. मग ती तपासणी बाद करायची आणि पुन्हा रक्त मागवायचं. मी वॉर्डला फोन केला आणि फॉर्मवरचं 'एस. कुलथे' हे नाव सांगितलं. दहा मिनिटांत लॅबचं दार उघडून पन्नाशी उलटलेली एक ठेंगणी बाई आत आली. निळा युनिफॉर्म, केसांचा घट्ट अंबाडा, कानात खड्यांच्या कुड्या.

"हू कॉल्ड?"

मी हात वर केला.

"माझं सँपल फुटत नाही." हे थेट मराठीत. मी मराठी आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

"पण फॉर्मवर तुमचं नाव आहे," मीही मराठीतच म्हणाले.

त्या क्षणभर थबकल्या. राग मात्र जागचा हलला नाही. "कुठली गं तू?"

"पुण्याची."

"मग वाचता येत असेल. नळीवरची सही बघ."

नळीवर दुसऱ्याच कुणाची आद्याक्षरं होती. शैलाताईंनी फक्त फॉर्म भरला होता. मी सॉरी म्हणाले.

"मला नको सॉरी. त्या बाईला आता दुसऱ्यांदा टोचणार ना, तिला म्हण." आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांनी मला शोधून काढलं, समोर बसल्या आणि न विचारता डब्यातली अर्धी मेथीची भाजी माझ्या प्लेटमध्ये वाढली.

त्या फ्लेबॉटमिस्ट होत्या, म्हणजे वॉर्डावॉर्डातून फिरून पेशंटचं रक्त काढणाऱ्या. हॉस्पिटलच्या उतरंडीत हे काम बरंच खालचं. पण ज्यांच्या शिरा कुणालाच सापडत नाहीत अशा पेशंटसाठी मोठे मोठे डॉक्टर 'शायलाला बोलवा' म्हणायचे. केमोथेरपीनं शिरा सुकलेल्या बायका, सुजलेल्या हातांचे किडनीचे पेशंट. शैलाताई त्यांच्याशी गप्पा मारत बसायच्या. मुलं किती, घर कुठे, बागेत काय लावलंय. नजर पेशंटच्या चेहऱ्यावर आणि डाव्या हाताची दोन बोटं त्याच्या कोपराच्या खळगीत हळूहळू दाबत, सोडत, सरकत असायची. मग ती बोटं एका जागी थांबायची. डावा अंगठा खालची कातडी ताणून धरायचा, उजव्या हातानं सुई आत जायची आणि नळी भरायला लागायची. सुई उजवा हात धरत असला तरी खरं काम डावा करायचा. रक्त काढणं हा त्यांच्या अक्षरशः डाव्या हातचा मळ होता.

एकदा एका म्हाताऱ्या सरदारजींच्या हातावर सात ठिकाणी टोचलेलं त्यांनी पाहिलं. टोचणारा ज्युनियर डॉक्टर आठव्यांदा टोचायच्या तयारीत होता. शैलाताईंनी त्याच्या हातातून ट्रे काढून घेतला. "हा माणूस आहे, उशी नाही," मराठीत. मग इंग्रजीत, वॉर्डभर ऐकू जाईल असं, "दोनदा झालं नाही की थांबायचं आणि कुणालातरी बोलवायचं. यात कसली लाज?" त्या डॉक्टरनं तक्रार केली. शैलाताईंना ताकीद मिळाली. ते पत्र त्यांनी फ्रीजवर चुंबकानं लावून ठेवलं होतं, शेजारी कौन्सिलचं कचरा उचलायचं वेळापत्रक.

घरी त्या आणि प्रकाशराव दोघंच. प्रकाशराव मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, शांत, हळू बोलणारे. मुलगी नोकरीमुळे स्कॉटलंडला. रविवारी त्या मला जेवायला बोलवत आणि जेवताना कुणा ना कुणावर चिडत. पार्किंगवर, जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या रिसेप्शनिस्टवर, आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात प्लास्टिकचे डबे वाटणाऱ्यांवर. त्यांच्या रागाचा मला कधी त्रास झाला नाही. तो नेहमी दुसऱ्या कुणाच्यातरी बाजूनं असायचा.

मग एका फेब्रुवारीत त्या सकाळी उठल्या आणि त्यांना अंथरुणात कुणाचातरी हात सापडला.

हे त्यांनी मला नंतर सांगितलं. कूस बदलली तेव्हा पाठीखाली काहीतरी आलं. उजव्या हातानं चाचपलं तर मनगट. प्रकाशरावांचा हात समजून त्यांनी तो ढकलला, आणि ढकलताना आपलाच खांदा हलला. मग त्यांनी पाहिलं. बांगड्या स्वतःच्या होत्या.

स्ट्रोक होता. मेंदूच्या उजव्या बाजूला, लहानसा. चेहरा वाकडा नाही, बोलणं स्वच्छ, पाय ठीक. डाव्या हातात दोन दिवस अशक्तपणा होता, तिसऱ्या दिवशी तोही गेला. डॉक्टरांनी सांगितलं, माझी बोटं दाबा. त्यांनी दाबली. ढकला. ढकललं. ओढा. ओढलं. कापूस लावला, कळतंय का? कळतंय. चौथ्या दिवशी घरी. पत्रात लिहिलं होतं, डाव्या हाताची ताकद पाचपैकी पाच, संवेदना 'ग्रॉसली इन्टॅक्ट'. म्हणजे ढोबळमानानं शाबूत.

मी फुलं घेऊन गेले आणि सगळे म्हणतात तेच म्हणाले. "बरं झालं हो शैलाताई, थोडक्यात निभावलं."

 त्या म्हणाल्या, "मंजिरी, माझा हात हरवलाय."

मला वाटलं, धक्का बसलाय, काहीतरी बोलताहेत. मी त्यांच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. "हा काय, इथेच तर आहे."

"तुला दिसतोय म्हणून तू म्हणतेयस. मलाही बघितल्यावरच कळतं."

मी विषय बदलला. हे लिहायला आजही लाज वाटते. मी रोज रक्त, पेशी, तपासण्यांचे रिपोर्ट यांत वावरणारी बाई, आणि मी चहा करायला उठले.

आपण हाताकडे न बघता केस विंचरतो, पाठीमागे हुक लावतो, अंधारात बटण शोधतो. हात कुठे आहे, कोपर किती वाकलंय, मूठ उघडी आहे की मिटलेली, हे सतत कुणीतरी आतून सांगत असतं. शैलाताईंच्या डाव्या हाताकडून ती खबर येणं बंद झालं होतं. हात सांगितलेलं काम करायचा, पण नजर असेपर्यंतच. नजर वळली की तो आपल्या मनानं कुठेही जायचा. गप्पा मारताना हळूहळू हवेत वर चढायचा आणि तिथेच राहायचा, शाळेत उत्तर येणाऱ्या पोरासारखा. पोळी लाटताना लाटण्याचं डावं टोक सुटायचं. पर्स घेऊन दुकानात शिरल्या आणि मान वळवली, की पर्स जमिनीवर. एकदा गाडीचं दार लावताना बोटं दारातच राहिली. फोनवर बोलता बोलता त्यांचा आवाज लांब जायचा. मी म्हणायची, "तुमच्याकडे नेटवर्क नाहीये का?" फोन डाव्या हातात असायचा आणि हात कानापासून निघून गेलेला असायचा.

आणि प्रत्येक वेळी प्रकाशराव म्हणायचे, "शैला, लक्ष कुठंय तुझं?"

मायेनंच म्हणायचे. त्या बिचाऱ्या माणसाला घाबरायला झालं होतं. पण या वाक्यानं शैलाताईंचा जेवढा अपमान झाला तेवढा सात वेळा टोचणाऱ्या त्या डॉक्टरच्या तक्रारीनंही झाला नसेल. एका रविवारी मी तिथेच होते. त्या कढईत फोडणी बघत होत्या आणि डावा हात ओट्यावर टेकलेला होता, असं त्यांना वाटत होतं. तो शेजारच्या तापलेल्या शेगडीच्या कडेवर होता. वास मला आधी आला. प्रकाशरावांनी हात ओढून नळाखाली धरला आणि घाबऱ्या आवाजात ओरडले, "अगं लक्ष कुठंय?"

"लक्षच तर देतेय!" शैलाताई किंचाळल्या. "सकाळपासून रात्रीपर्यंत या एका हाताकडे लक्ष देतेय मी! अहो, तुम्ही तुमच्या हाताकडे कधी लक्ष दिलंयत का? एकदा तरी?"

फोडणी जळली.  पाणी हातावरून वाहत होतं. चटका कळत होता त्यांना, पण उशिरा. दुखतंय हे कळायचं, कुठे दुखतंय हे शोधावं लागायचं.

त्या दिवसापासून त्यांनी डिस्चार्जच्या पत्रातले ते दोन शब्द शिवीसारखे वापरायला सुरुवात केली. जळलेल्या फोडणीकडे बघून म्हणाल्या, "ग्रॉसली इन्टॅक्ट." पुढे खड्ड्यांचा रस्ता ग्रॉसली इन्टॅक्ट, प्रकाशरावांनी घासलेलं पातेलं ग्रॉसली इन्टॅक्ट, आमचं मंडळसुद्धा.

आता राग आणणारी खरी गोष्ट सांगते.

दीड महिन्यानंतर कामावर परत घ्यायचं की नाही हे ठरवण्यासाठी ऑक्युपेशनल हेल्थच्या डॉक्टरचा व्हिडिओ कॉल झाला. योगायोगानं ते डॉक्टर आपलेच निघाले, निमकर. गणपतीत आरतीला पुढे असतात, बोलायला अतिशय गोड. त्यांनी शैलाताईंना स्क्रीनसमोर बसवून दोन्ही हात वर करायला सांगितले, मुठी वळायला सांगितल्या, बोटानं नाकाला शिवायला सांगितलं. शैलाताईंनी सगळं केलं. का नाही करणार? स्क्रीनच्या कोपऱ्यात त्यांना स्वतःचीच छबी दिसत होती. डावा हात कुठे चाललाय ते त्यांना समोर दिसत होतं.

"डॉक्टर, मला हात न बघता कळत नाही," त्या म्हणाल्या.

"काळजी करू नका हो ताई," निमकर म्हणाले. "सगळं नॉर्मल आहे. स्ट्रोकनंतर कॉन्फिडन्स जातो माणसाचा. कामावर गेलात की आपोआप येईल."

आणि शैलाताईंनी विश्वास ठेवला. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेली ही बाई. पण सलग दीड-दोन महिने जो तो तुम्हाला सांगतो की काही झालेलं नाही, नवरा म्हणतो लक्ष नाही, डॉक्टर म्हणतो कॉन्फिडन्स नाही, मैत्रीण चहा करायला उठते, तेव्हा माणूस स्वतःलाच खोटं पाडायला लागतो. "असेल बाई माझ्याच डोक्यात," असं त्या एकदा मला म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

त्या कामावर आल्या. पहिले दोन दिवस नुसत्या फॉर्म भरत होत्या. तिसऱ्या दिवशी माणसं कमी होती. मॅनेजर डेबीनं विचारलं, "दोन सोपे पेशंट घेशील का?" पहिला व्यवस्थित झाला, दोन्ही डोळे डाव्या हातावर रोखून. दुसरी एक तरुण बाई होती. नळी भरत आली आणि ती पांढरीफटक पडली, मान कलायला लागली. शैलाताईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पाहायलाच हवं होतं, आणि "आर यू ऑल राइट, लव्ह?" म्हणत सुई बाहेर काढली. डाव्या हातात कापसाचा बोळा होता आणि तो खाली, पेशंटच्या कोपराशी आहे अशी त्यांची खात्री होती. तो वर आला होता. सुई त्यांच्याच तर्जनीत शिरली.

वापरलेली सुई टोचणं म्हणजे काय हे हॉस्पिटलात काम करणाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही. पेशंटची तपासणी, यांची तपासणी, पुन्हा तपासणी, मध्ये नुसती वाट बघायची. ते सगळं पुढे ठीक निघालं. पण घटनेच्या रिपोर्टमध्ये डेबीनं कारण लिहिलं, 'कर्मचाऱ्याचं लक्ष विचलित झाल्यामुळे.'

ते वाचून शैलाताई लॅबमध्ये आल्या. दार शांतपणे उघडलं. कागद माझ्यासमोर ठेवला. "वाच."

मी वाचलं.

"अडीच-तीन दशकं," त्या म्हणाल्या. "एकदाही सुई लागलेली नाही. आणि आता यांनी लिहून ठेवलंय की माझं लक्ष नव्हतं."

मी म्हणाले, "शैलाताई, त्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत आणि मी ऐकलं नाही."

"नाही ऐकलंस." त्यांनी मला सूट दिली नाही. "आता ऐक."

त्याच सुमाराला घरी येऊन तपासणाऱ्या थेरपिस्टकडे त्यांचा नंबर लागला. वेटिंग लिस्टवर त्या डिस्चार्जपासून होत्या. ग्रेस नावाची घानाची बाई, मोठी पिशवी, मोठं हसू. चहासुद्धा न घेता तिनं शैलाताईंना समोर बसवलं, म्हणाली, "डोळे मिट." डावा अंगठा दोन बोटांत धरून वर केला. "वर की खाली?" शैलाताई म्हणाल्या, खाली. पुन्हा. पुन्हा. दहातले सहा चुकले. ग्रेस म्हणाली, "तुझ्या हाताला तो कुठे आहे ते कळत नाहीये. तुझ्या डोक्यात नाही हे. म्हणजे डोक्यातच आहे, पण तसं नाही."

शैलाताई रडल्या. प्रकाशरावांनी मला सांगितलं, लग्नानंतर त्यांनी तिला इतकं रडताना दुसऱ्यांदाच पाहिलं. त्यांना वाटलं दुःखानं रडतेय. त्यांनी पाठीवर हात ठेवला तर म्हणाल्या, "एका मिनिटाची टेस्ट होती हो. एका मिनिटाची." मग वर बघून, "ग्रेस, यांना पण समजाव. हे म्हणतात लक्ष नाही."

ग्रेसनं प्रकाशरावांना काय समजावलं ठाऊक नाही. पण त्यानंतर ते वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. त्याऐवजी जेवताना, चालताना, हलक्या आवाजात नुसतं सांगायचे, "हात ताटात चाललाय," "हात खुर्चीच्या मागे आहे." बातमी द्यावी तसं. शैलाताई सुरुवातीला त्यावरही चिडल्या. मग एके दिवशी त्यांनी स्वतःच विचारलं, "अहो, कुठंय?" आणि प्रकाशरावांनी भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगितलं, "सोफ्यावर. उताणा."

शैलाताईंनी रिपोर्टविरुद्ध लेखी हरकत घेतली. मीटिंग लागली. सोबत एका सहकाऱ्याला नेता येतं, त्यांनी मला नेलं. "तू बोलायचं नाहीस," त्यांनी आधीच बजावलं होतं. "फक्त बघायचं. तुला बघायची सवय लागू दे."

लहानशी खोली, टेबल, पाण्याचा जग. डेबी, एचआरची एक बाई आणि यावेळी प्रत्यक्ष आलेले डॉक्टर निमकर. ग्रेसचं पत्र सगळ्यांसमोर होतं. एचआरच्या बाईनं ते 'नोंदवून घेतलं आहे' असं सांगितलं आणि पुढे म्हणाली की तरीही त्या दिवशी शैलानं पेशंटच्या चेहऱ्याकडे पाहिलं, सुईकडे नाही, हे खरंच आहे ना?

"पेशंट बेशुद्ध पडत होती," शैलाताई म्हणाल्या. "तुम्ही कुठे पाहिलं असतं?"

 शैलाताईंनी खुर्ची मागे सरकवली. "डॉक्टर निमकर, इकडे या. माझ्या शेजारी बसा."

निमकर आले, बसले.

"माझा डावा हात धरा आणि हवा तिथे ठेवा. मी डोळे मिटतेय. मग मी उजव्या हातानं माझा डावा अंगठा पकडणार. तुम्ही कुणी बोलायचं नाही."

निमकरांनी त्यांचं मनगट धरून हात बाजूला, खांद्याच्या उंचीपर्यंत नेला. स्वतःचा दुसरा हात त्यांनी टेबलावर ठेवला होता. शैलाताई ताठ बसल्या होत्या, डोळे मिटलेले. त्यांचा उजवा हात निघाला आणि मांडीवर गेला. मांडी चाचपली. तिथे काही नव्हतं. टेबलाच्या कडेवर आला. सरकत सरकत पुढे गेला, पेनाला लागला, थांबला, पेन बाजूला केलं. डेबी काहीतरी बोलणार होती, मी तिच्याकडे पाहिलं. उजवा हात निमकरांच्या टेबलावरच्या हाताला लागला. बोटं चाचपली. अंगठा सापडला. तो त्यांनी घट्ट धरला.

"मिळाला," शैलाताई म्हणाल्या.

त्यांचा स्वतःचा अंगठा दोन फूट लांब, हवेत होता.

 शेवटी निमकर घसा साफ करून मराठीत म्हणाले, "ताई, तो माझा आहे."

शैलाताईंनी डोळे उघडले. आधी मुठीतल्या अंगठ्याकडे पाहिलं, मग तोंड वळवून हवेतल्या आपल्या हाताकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा लवलेश नव्हता. मला वाटतं त्यांनाही मनातून आशा होती की यावेळी तरी बरोबर सापडेल.

"लिहा," त्या डेबीला म्हणाल्या. "लक्ष विचलित झालं म्हणून लिहा."

रिपोर्ट बदलला गेला. 'लक्ष' हा शब्द काढला, 'वैद्यकीय कारण' असा घातला. माफी नाही. 'तुम्हाला असं वाटलं याबद्दल आम्हाला खेद आहे,' असं एक वाक्य आलं. असलं वाक्य लिहायला या लोकांना कुठे शिकवतात कोण जाणे. वाटलं म्हणे! सुई बोटात शिरली होती, वाटली नव्हती.

मीटिंगनंतर निमकर कॉरिडॉरमध्ये मागे आले. "शैलाताई, खरंच सॉरी. त्या दिवशी माझे अकरा कॉल्स होते हो."

"मग अकराही जणांना डोळे मिटायला सांगायचं. किती वेळ गेला असता?"

"चुकलंच माझं."

"हो," शैलाताई म्हणाल्या आणि चालू लागल्या. मला वाटलं गाडीत बसल्यावर तरी निवळतील. नाही निवळल्या. गणपतीत निमकर प्रसाद द्यायला पुढे आले तेव्हा शैलाताईंनी उजवा हात पुढे केला, प्रसाद घेतला, आणि त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मंडळात कुजबुज झाली की बाई फार ताणते. मी आता सांगते, बाईनं मुळीच ताणलं नाही. माणूस गोड बोलतो म्हणून त्याची चूक लहान होत नाही.

काम मात्र गेलं. ते कुणी हिरावलं नाही, त्यांनीच सोडलं. रिसेप्शनवर बसायला देत होते, नको म्हणाल्या. शेवटच्या दिवशी केक आणला होता, कार्डावर सगळ्यांच्या सह्या. शैलाताई एवढंच बोलल्या, "थँक यू, एन्जॉय द केक," आणि कोट घालायला लागल्या. डावा हात बाहीत शिरला की अस्तरात हे त्यांना कळत नव्हतं. तीनदा प्रयत्न केला. तीस माणसं बघत होती, एकानंही पुढे होऊन विचारलं नाही. मी गेले. त्या दातओठ खाऊन म्हणाल्या, "सांग नुसतं." मी सांगितलं, "अस्तरात आहे. थोडा मागे घ्या. आता वर." चौथ्यांदा हात बाहीतून बाहेर आला.

ग्रेस वर्षभर येत राहिली. डोळे बांधून खोक्यात हात घालायचा, चमचा की किल्ली ते ओळखायचं, ती हात वाकवेल तसा दुसरा वाकवायचा. रोज, कंटाळा येईपर्यंत. कोपर वर की खाली हे शैलाताईंना हळूहळू कळायला लागलं. मनगट कधी कळे, कधी नाही. बोटं नाहीच. ग्रेस फार आशाही दाखवत नसे, म्हणून शैलाताईंना ती आवडायची.

मग मी मिल्टन कीन्सला नवीन नोकरी घेतली आणि भेटी कमी झाल्या. मागच्या वर्षी एका शुक्रवारी त्यांचा फोन आला. "यांना सर्दी झालीय, हे घरी बसताहेत. माझ्यासोबत चल. मला गाडी नाही चालवता येत."

"कुठे?"

"पोरांना शिकवायला."

झालं होतं असं की मेडिकलच्या विद्यार्थ्यांना तपासणी शिकवायला खरे पेशंट लागतात, आणि शैलाताईंनी स्वतः पत्र लिहून आपलं नाव दिलं होतं. एका मोठ्या खोलीत पडदे लावून केलेले कप्पे, प्रत्येकात एक खाट, एक पेशंट, समोर पाच-सहा विद्यार्थी. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. पहिला विद्यार्थी आला, हात दाबून घेतला, ढकलून घेतला, कापूस लावला, थँक यू म्हणाला आणि वळला.

"संपलं?" शैलाताईंनी विचारलं.

"येस."

"माझ्या हातात काय बिघडलंय?"

"ताकद उत्तम आहे. मला तरी सगळं..."

"अरे, काय चाललंय काय तुमचं?" मराठीत. मग इंग्रजीत त्याला परत बसवलं. "मला डोळे मिटायला कोण सांगणार?"

दुसरा विसरला. तिसरीला आठवलं. लांब वेणीची, सौम्य चेहऱ्याची मुलगी. तिनं नीट समजावून सांगितलं, हे वर, हे खाली, आता डोळे मिटा. शैलाताईंनी मिटले. मुलीनं अंगठ्याचं टोक दोन्ही बाजूंनी हलकेच धरलं आणि खाली केलं.

"वर," शैलाताई म्हणाल्या.

मुलगी घुटमळली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग शैलाताईंच्या मिटलेल्या डोळ्यांकडे. तिला कसंसंच झालं असावं. "दॅट्स राइट," ती मऊ आवाजात म्हणाली. "वेल डन."

शैलाताईंनी डोळे उघडले. अंगठ्याकडे पाहिलं. तो अजून तिच्या बोटांत होता आणि जमिनीकडे वळलेला होता.

मला वाटलं आता भडका उडणार. मुलीचा चेहरा उतरला होता. पण शैलाताईंचा आवाज चढला नाही. राग होता, सगळा होता, पण त्यांनी तो हातातली सुई धरावी तसा नेमका धरला होता.

"पुन्हा असं कुणाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "चुकलं तर चुकलं म्हण. मला वाईट वाटेल. वाटू दे. ते माझं मी बघेन."

"आय ॲम सॉरी," मुलगी म्हणाली. "ते चुकलं होतं. खाली होता."

"हां," शैलाताई म्हणाल्या. त्यांनी पाठ खाटेवरच्या उशीला टेकवली, डोळे मिटले आणि हात तिच्या हातात सोडून दिला. "आता परत कर."